समुद्रावरची मुलकी चाकरी

सह्याद्रीच्या माथ्याआड, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या पुणे शहराचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्यास ‘सिमला ऑफिस’ या नावाने पुणेकर आजही ओळखतात त्या शिवाजीनगरातील हवामान खात्याच्या इमारतीकडे बोट दाखवावे लागेल. १९२८ साली खात्याचे मुख्य दप्तर सिमल्याहून पुण्यास आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी उत्तर हिंदी महासागरात संचार करणाऱ्या जहाजांवर टिपलेल्या हवामाननोंदींचा सांभाळ करण्याचे काम पुण्याकडेच राहिले. वायुभार किती आहे, वारा कोठून आणि किती जोराने वाहतो आहे, आकाशाचे किती अष्टमांश ढगांनी व्यापले आहेत, लाटांची उंची व समुद्रपृष्ठाचे तापमान किती आहे, हे ठरलेल्या प्रहरी पहाऱ्यावरचा अधिकारी वहीत उतरवतो, आणि मान्सूनविषयी आज आपण जे काही निश्चयाने बोलू शकतो, त्याच्या मुळाशी अशा असंख्य अनामिक नोंदी असतात. नोंद करणारा बहुधा व्यापारी जहाजावरचा नाविक असतो. परंतु यांपैकी काही नाविक अशा जहाजांवर चाकरी करीत असतात, की ज्यांच्या पोटात विक्रीचा माल नसतो आणि ज्यांच्या मालकास सफरीच्या अखेरीस नफ्यातोट्याचा हिशेब मांडावयाचा नसतो. ही सरकारची जहाजे होत, आणि त्यांवरील मुलकी नोकरीचा विचार आपल्याकडे व्हावा तितका होत नाही.

पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत मुलाने ‘मर्चंट नेव्ही’त जावे असा विषय निघाला, की बोलणे तेलवाहू जहाजे, डॉलरमधला पगार आणि सहा महिन्यांची सुटी यांवर येऊन थांबते, आणि आरमाराचा विषय निघाला, की गणवेश, खडकवासल्याची प्रबोधिनी आणि शौर्य यांवर. या दोहोंच्या मधोमध एक विस्तीर्ण प्रदेश आहे. समुद्रशास्त्रीय संशोधनाची जहाजे, मत्स्यसंपदेची पाहणी करणारी जहाजे, दीपगृहांना रसद पोहोचविणारी जहाजे, अंदमान व लक्षद्वीप येथील रहिवाशांची ने-आण करणारी प्रवासी जहाजे, बंदरांतील टग व गाळ उपसणारे ड्रेजर, आणि नौदलाच्या गोदीत युद्धनौकांना धक्क्याला लावणारी, त्यांना पाणी व इंधन पुरविणारी लहानमोठी गलबते हा सारा त्याचा विस्तार. या सर्वांवर काम करणारी माणसे मुलकी असतात. त्यांना शस्त्र धरावयाचे नसते आणि लष्करी कायदाही त्यांना लागू नसतो, परंतु त्यांच्यावाचून शास्त्रज्ञ समुद्रावर जाऊ शकत नाहीत आणि युद्धनौका गोदीबाहेर पडू शकत नाही.

महाराष्ट्रास ही परंपरा नवी नाही. कंपनी सरकारच्या वेळेपासून चालत आलेले मुंबईचे लढाऊ आरमार १८६३ साली मोडण्यात आले. त्याच्या जागी जी सेवा उभी राहिली, आणि १८९२ पासून जिला ‘रॉयल इंडियन मरीन’ हे नाव मिळाले, तिचे काम मुख्यत्वे बिनलढाऊ होते. पलटणी इकडून तिकडे नेणे, किनाऱ्यांची व बंदरांची मोजणी करणे, दीपगृहांची देखभाल राखणे, अंदमानात व एडनला तैनात राहणे, अशी कामे तिने १९२८ साली पुन्हा लढाऊ दर्जा मिळेपर्यंत केली. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे मोजणीचे जहाज याच सेवेतले. त्यावर शल्यचिकित्सक म्हणून नेमलेल्या आल्फ्रेड आल्कॉक यांनी खोल समुद्रातील प्राण्यांचा जो अभ्यास केला, तो प्राणिशास्त्रात मान्यता पावला. खोल पाण्यात जाळे सोडून ते सांभाळून वर घेण्याचे कष्ट मात्र ज्या खलाशांचे होते, त्यांची नावे कोठे नमूद नाहीत. या सेवेची भरती प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही कोकणी मुसलमान समाजातून होत असे. सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी, भंडारी हा जहाजावरचा सारा उतरता अधिकारक्रम कोकणच्या खाड्यांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविला, आणि नौदलाच्या मुलकी नौकादलाच्या भरतीजाहिरातींत सारंग, लास्कर, फायरमन, टोपस ही पदनामे अद्यापही आढळतात. घाटावरच्या आपण मंडळींनी या परंपरेची दखल फारशी घेतली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अधिकारीपदाचा दरवाजा हिंदी माणसाला उघडला तोही सरकारी जहाजावरच. १९०४ साली पलटणींच्या वाहतुकीसाठी बांधलेले ‘डफरिन’ हे रॉयल इंडियन मरीनचे जहाज १९२७ साली मुंबई बंदरात कायमचे नांगरून त्यावर व्यापारी नौवहनाचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याची जागा १९७२ साली ‘राजेंद्र’ने, आणि १९९३ साली नवी मुंबईतील किनाऱ्यावर उभ्या असलेल्या ‘चाणक्य’ने घेतली. खलाशांच्या शिक्षणासाठी तर त्याही आधी, १९१० साली, न्हावा येथे ‘रहमान’ ही प्रशिक्षणसंस्था निघाली होती.

परदेशांत या प्रकारच्या सेवेस स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. ब्रिटनने १९०५ साली ‘रॉयल फ्लीट ऑक्झिलिअरी’ स्थापन केली. आरमारास भर समुद्रात तेल, दारूगोळा व अन्न पुरविणारी तिची जहाजे मुलकी नाविक चालवितात. अमेरिकेत १९४९ साली स्थापन झालेली आणि १९७० पासून ‘मिलिटरी सीलिफ्ट कमांड’ या नावाने ओळखली जाणारी संघटनाही आपल्या बऱ्याच जहाजांवर मुलकी नाविक नेमते. आपल्याकडे ‘ज्योती’, ‘दीपक’, ‘शक्ती’ यांसारख्या इंधनवाहू नौका नौदलाचे गणवेशधारी सैनिकच चालवितात, त्यामुळे तशी नोकरी हिंदुस्थानात मिळेल असे समजून कोणी तयारीस लागू नये. आपली मुलकी सेवा विखुरलेली आहे. ती एका खात्याखाली नाही, तिची एक परीक्षा नाही, आणि म्हणूनच तिची वाट सामान्य पालकाला दिसत नाही.

या विखुरलेल्या सेवांत शुद्ध सरकारी म्हणावी अशी सेवा भारतीय मत्स्य सर्वेक्षणाची. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे एक प्रायोगिक केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. १९८३ साली तिला आजचे नाव मिळाले, आणि मुख्यालय मुंबईतच राहिले. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचे, अनन्य आर्थिक क्षेत्र देशाच्या स्वाधीन आले, तेव्हा त्यात मासे कोणते, किती आणि कोठे आहेत हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय समजणार नव्हते. ही पाहणी करणाऱ्या जहाजांवरील कप्तान, मेट, बोसन, इंजिनिअर, जाळी विणणारा आणि डेकहँड हे सारे केंद्र सरकारचे नोकर असतात, त्यांना सरकारी वेतनश्रेणी व महागाईभत्ता मिळतो, आणि त्यांच्या सफरी महिन्यांच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबाने मोजल्या जातात. मुंबई, मुरगाव, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर येथे या संस्थेचे तळ आहेत. एका जहाजाने समुद्रतळाजवळून ट्रॉल ओढावा, दुसऱ्याने ट्यूनासाठी मैलोगणती लांब दोर सोडावा, आणि हाती लागलेल्या प्रत्येक जातीचे वजन व मोजमाप घेऊन ठिकाण, खोली व वेळ यांसह नोंदवावे, असा हा उद्योग आहे. मच्छीमाराला जाळे रिकामे आले तर दिवस बुडाला असे वाटते. येथे मात्र रिकामे जाळे हीसुद्धा नोंद असते, कारण मासा नाही हे कळणेही देशाच्या उपयोगाचे असते. या कामाला लागणारे नाविक घडविण्यासाठी १९६३ साली कोचीन येथे स्थापन झालेली संस्था आज ‘सिफनेट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. दहावीनंतर नौकानयन वा सागरी यंत्रकाम शिकविणारे तिचे अभ्यासक्रम अल्प खर्चाचे आहेत, आणि आपल्या ग्रामीण भागातील मुलांपर्यंत त्यांची वार्ता पोहोचत नाही, हे मला फार सलते.

परंतु पुण्याच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची आहेत ती संशोधनाची जहाजे. आज गोव्याला दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली निघाली, तेव्हा तिच्याजवळ खोल समुद्रात जाणारे स्वतःचे जहाज नव्हते. पुढे गाळ वाहणाऱ्या एका बार्जचे रूपांतर करून कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीने ‘गवेषणी’ सिद्ध केली; १९७६ पासून ती संशोधनाच्या कामी लागली, आणि २६ जानेवारी १९८१ रोजी तिने हिंदी महासागराच्या तळातून बहुधात्विक खड्यांचा पहिला नमुना वर काढला. मॅंगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट धारण करणाऱ्या त्या काळसर गोळ्यांच्या बळावर भारताला १९८७ साली मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर अग्रेसर गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळाली. १९८३ साली जर्मनीत बांधलेली शंभर मीटर लांबीची ‘सागर कन्या’ त्यानंतरची, आणि पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांचा समुद्राशी प्रत्यक्ष परिचय झाला तो बव्हंशी हिच्यावर. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात झालेली ‘बॉबमेक्स’ मोहीम आणि २००२ च्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर झालेली ‘आर्मेक्स’ मोहीम या दोहोंत ती होती. २००२ चा जुलै महिना आपल्याकडच्या शेतकऱ्याला विसरता येणार नाही. त्या महिन्यात देशभर सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला, आणि ढग का येत नाहीत याचा शोध घेण्यासाठी जी साधने त्या वेळी समुद्रावर होती, त्यांत हे जहाज होते.

अशा जहाजावर तीसएक शास्त्रज्ञ असतात; त्यांची नावे प्रबंधांवर येतात. त्यांच्याखेरीज जे असतात, त्यांच्या कामाचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. व्यापारी जहाजाचे सारे कौशल्य एका बंदरातून दुसऱ्या बंदरात वेळेवर पोहोचण्यात असते. संशोधनजहाजाचे कौशल्य एके ठिकाणी न हलता उभे राहण्यात असते, आणि पावसाळ्याच्या अरबी समुद्रात नैऋत्येचा वारा अखंड लोटत असताना हे किती कठीण आहे, याची कल्पना किनाऱ्यावरून येत नाही. पाण्याची क्षारता, तापमान व खोली मोजणारे उपकरण बाटल्यांच्या चौकटीसह पोलादी तारेला बांधून हजारो मीटर खाली सोडावयाचे असते. त्या वेळी जहाज वाऱ्याने रेटले जाऊन तार तळाखाली गेली, किंवा एखाद्या लाटेसरशी तिला अकस्मात हिसका बसला, तर कोट्यवधींचे उपकरण आणि त्याबरोबर त्या सफरीचा अर्थच समुद्रार्पण होतो. म्हणून ब्रिजवरचा अधिकारी नाळेकडील व पाठीमागील यंत्रांना सतत हुकूम देत राहतो, विंचवरचा खलाशी तारेच्या ताणावर डोळा ठेवतो, आणि बोसन कठड्याशी उभा राहून चौकटीला हाताने सावरतो. हवामानाचा फुगा सोडावयाचा झाला, तरी जहाजाच्या डोलकाठ्यांत तो अडकू नये म्हणून वाऱ्याच्या रोखाने जहाजाचे तोंड वळवून घ्यावे लागते. आणि हे काम मध्यरात्री असो वा पहाटे, ठरल्या वेळी झालेच पाहिजे, कारण त्याच क्षणी पृथ्वीवरील इतर केंद्रांतूनही फुगे सुटत असतात. चार तास पहारा आणि आठ तास विश्रांती हा क्रम कागदावर सोपा दिसतो; प्रत्यक्षात मोजमापाचे ठिकाण ज्याच्या विश्रांतीत येईल, तोही उठून डेकवर येतो, आणि हे मी त्या पेशाचे भूषणच समजतो.

अशा वेळी अनुभवी माणसाचे मोल कळते, आणि म्हणूनच या सेवेच्या आजच्या व्यवस्थेविषयी मला काळजी वाटते. जहाज सरकारी आहे एवढ्यावरून त्यावरचा माणूस सरकारी नोकर आहे असे कोणी समजू नये. मत्स्य सर्वेक्षण, बंदर प्राधिकरणे आणि नौदलाच्या गोदीतील नौकादल येथे नेमणूक खुद्द सरकारची किंवा प्राधिकरणाची असते. दुसरा प्रकार २ ऑक्टोबर १९६१ रोजी स्थापन झालेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय नौवहन महामंडळाचा. ‘सागर संपदा’सारखी संशोधनजहाजे आणि अंदमानची प्रवासी जहाजे मालकीने एकाची व व्यवस्थेने या महामंडळाची, अशी रीत पडली. तिसरा प्रकार अलीकडचा: निविदा मागवून जहाजाची व्यवस्था खाजगी कंपनीकडे सोपवावयाची, आणि त्या कंपनीने ठराविक महिन्यांच्या करारावर नाविक आणावयाचे. यात खर्चाची बचत होत असेल. परंतु एखाद्या जहाजाच्या विंचची खोड, एखाद्या उपकरणाचा लहरीपणा, मान्सूनमध्ये ते जहाज कोणत्या कोनात शांत राहते याची जाण ही कराराबरोबर निघून जाणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते, आणि पुढच्या सफरीत शास्त्रज्ञांना तीच किंमत पुन्हा मोजावी लागते. संशोधनजहाजांसाठी नाविकांचा एक कायम संच असावा, त्याला बढतीची शिडी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या देशाचे अन्न मान्सूनवर अवलंबून आहे, त्याने मान्सून मोजणाऱ्या हातांच्या बाबतीत काटकसर करू नये.

आता या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यासाठी. अधिकारी व्हावयाचे तर पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेऊन बारावी, त्यानंतर २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, आणि मग डेककडे जाणाऱ्याने नौकानयनशास्त्राची पदविका वा पदवी, तर यंत्रविभागाकडे जाणाऱ्याने सागरी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी घ्यावी, हा राजमार्ग होय. यंत्रअभियांत्रिकीचा पदवीधर एका वर्षाच्या अभ्यासक्रमानेही सागरी अभियंता होऊ शकतो, आणि पुण्यात अशा पदवीधरांची वाण नाही. तळेगावजवळ इंदुरी येथील तोलानी संस्था आणि लोणी काळभोर येथील ‘मॅनेट’ या दोन्ही ठिकाणी घाटमाथ्यावर राहून समुद्राचे शिक्षण घेता येते. आवारात उभारलेल्या जहाजासारख्या यंत्रशाळेत विद्यार्थी बॉयलर व इंजिने हाताळतात. डेकवर जाणाऱ्याची दृष्टी निर्दोष हवी आणि रंगांधळेपणा तर मुळीच चालत नाही, कारण रात्रीच्या समुद्रावर तांबडा व हिरवा दिवा यांतला फरक हाच समोरून येणाऱ्या जहाजाचा रोख सांगतो. म्हणून वैद्यकीय तपासणी शुल्क भरण्याआधी करून घ्यावी. खलाशी म्हणून जाणाऱ्यास दहावीनंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण पुरते. कोणत्याही मार्गाने गेले तरी नौवहन महासंचालनालयाचे ‘सीडीसी’ हे नाविकाचे पुस्तक हाती असल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही, आणि ते पैसे घेऊन परस्पर मिळवून देतो असे म्हणणारा दलाल हा फसविणाराच असतो. भरती करणाऱ्या संस्थेपाशी महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे त्याच कार्यालयाच्या यादीत पडताळून पाहता येते.

मुलींनी या विचारापासून दूर राहण्याचे कारण नाही. पुणे विद्यापीठाच्या पदवीधर अदिती पंत या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ होत्या आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह गेल्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्रिया या दोघी. नाविक म्हणून पाहिले, तर नौवहन महामंडळाच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या कप्तान राधिका मेनन यांनी जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी समुद्रातून सात मच्छीमारांना वाचविले, आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने पुढच्या वर्षी त्यांचा शौर्यपुरस्काराने गौरव केला. सरकारी मालकीच्या महामंडळाने एका स्त्रीवर जहाज सोपविले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

अडचणी लपविण्यात अर्थ नाही. या जहाजांची संख्या थोडी आहे, म्हणून जागा थोड्या आणि बढती संथ. परदेशी तेलवाहू जहाजावरील अधिकाऱ्याच्या पगाराशी सरकारी वेतनाची तुलना होऊच शकत नाही; १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतनही आपोआप मिळत नाही. याउलट घरी परत येण्याचा दिवस बव्हंशी ठाऊक असतो, चाचेगिरीच्या पाण्यातून वारंवार जावे लागत नाही, आणि मुलाबाळांची शाळा, आईवडिलांचे आजारपण यांत माणूस हजर राहू शकतो. तिशी ओलांडलेल्या नाविकाशी बोलले, म्हणजे या गोष्टींची किंमत कळते.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र प्रमाणपत्रांचा आहे, आणि तो वेळीच न समजल्यामुळे चांगल्या तरुणांची वर्षे वाया जातात. सेकंड मेटपासून मास्टरपर्यंत, किंवा यंत्रविभागात चौथ्या वर्गापासून पहिल्या वर्गापर्यंत, प्रत्येक परीक्षेसाठी ठराविक काळाची समुद्रसेवा लागते, आणि ती कोणत्या आकाराच्या, किती शक्तीच्या व कोणत्या क्षेत्रात फिरणाऱ्या जहाजावर झाली, यावर तिची गणना ठरते. मासेमारी जहाजांवरील स्किपर व मेट यांची प्रमाणपत्रे वेगळी आहेत. लहान किनारी नौकांवरील सेवा निकटकिनारी प्रमाणपत्राकडे नेते, परदेशगामी प्रमाणपत्राकडे ती सरळ नेत नाही. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी उमेदवाराने जहाजाचा स्थूल टनभार, इंजिनाची शक्ती, नेमणूक खात्याची की कंत्राटदाराची, आणि या सेवेची गणना कोणत्या परीक्षेसाठी होईल, हे लेखी विचारावे व मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडून खात्री करून घ्यावी; आणि सफर संपून जहाजावरून उतरण्यापूर्वीच कप्तानाच्या सहीशिक्क्याचा समुद्रसेवेचा दाखला हातात घ्यावा, कारण कंत्राट बदलून व्यवस्थापक कंपनी निघून गेली, म्हणजे तोच दाखला मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.